बाईचा ढावलो आणि टेपचं नवं हेड

मला लोकांना माहिती सांगायची खोड होती. कुणी विचारलं नाही तरी सांगायचो. जवळा बाजारला माझं दुकान होतं, कॅसेट भरून देण्याचं आणि लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचं. कॅसेटची एक बाजू भरायला अर्धा तास लागायचा, आणि तेवढा वेळ गिऱ्हाईक समोरच्या बाकावर बसून राहायचं. त्या अर्ध्या तासात त्या बिचाऱ्याची माझ्या तावडीतून सुटका नसायची. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत विज्ञानाच्या गमतीजमतींचं सदर यायचं, त्याची कात्रणं मी एका वहीत डकवून ठेवली होती. आपलाच आवाज टेपमधून परका का वाटतो, तर एरवी आपण तो कानांबरोबर कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनानं भागले, की ती किती किलोमीटरवर पडली ते कळतं. हवेपेक्षा पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगानं जातो. कापूस घेऊन आलेला माणूस "व्हय का" म्हणायचा आणि कॅसेट किती राहिली ते वाकून बघायचा. बाजारात मला सायंटिस्ट म्हणायचे. त्यात टिंगल होती हे मला कळायचं, तरी ते नाव मला आवडायचं.

माझा एक खेळ ठरलेला होता. दोन स्पीकर बॉक्स तोंडाला तोंड लावून ठेवायचो आणि दोन्हीवर एकच गाणं लावायचो. मग एका बॉक्सच्या दोन वायरी उलट जोडायचो, लाल काळ्याच्या जागी आणि काळी लालच्या जागी. ढोलकीचा दणका एकदम नाहीसा व्हायचा आणि गाणं चिपाड होऊन जायचं. बघणाऱ्यांना वाटायचं बॉक्स बिघडला. मग मी सांगायचो की बिघडलं काही नाही, एक पडदा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा ती मागे ओढतो, दोघेही जीव तोडून गातात आणि हवा जागची हलत नाही. दोन सारखे आवाज उलटे होऊन भेटले की शांतता होते. हा खेळ मी अर्ध्या बाजाराला दाखवला असेल. पुढे जे झालं ते मला माहीत नसलेल्या गोष्टीमुळे झालं नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा तांडा जवळ्यापासून सायकलीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. आईला याडी म्हणतो, थोरल्या बहिणीला बाई. इथे सगळ्यांचं बोलणं मी गावातल्या मराठीत लिहितो आहे, कारण दुकानात बसून बसून माझी लिहायची भाषा तीच झाली.

आमच्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. ते गाणंही असतं आणि रडणंही असतं. एकेकाच्या गळ्यात पडून, त्याच्या नात्याची हाक घालत ती गाते. आईच्या गळ्यात पडते ते सगळ्यात लांबतं. लग्नाआधी महिना-पंधरा दिवस म्हाताऱ्या बाया नवरीला जवळ बसवून ढावलो शिकवतात. रडायला काय शिकवायचं, असं मला तेव्हा वाटायचं. पण चाल कुठे उचलायची, श्वास कुठे घ्यायचा, हुंदका कुठे येऊ द्यायचा, हे सगळं त्यात असतं, आणि त्या दिवशी जे खरं रडू येतं ते त्याच चालीतून बाहेर पडतं.

बाईचं लग्न झालं तेव्हा नव्वद-एक्क्याण्णव साल असेल, आणि आमचा जिल्हा अजून परभणी होता. मी विशीत होतो. एका स्पीकरचा, आतच माईक असलेला टेपरेकॉर्डर नुकताच आणला होता आणि काय रेकॉर्ड करू नि काय नको असं मला झालं होतं. बैलांच्या घुंगरांपासून याडीच्या जात्यापर्यंत सगळं भरून झालं होतं. बाई निघायच्या वेळी तो टेप टॉवेलात गुंडाळून मी बाजेखाली सरकवून दिला. बाजेवर याडी बसली होती. बायांना कळलं असतं तर त्यांनी मला टेपसकट हाकललं असतं. कॅसेट एका बाजूनं पूर्ण भरली.

आठ दिवसांनी मी ती मजेनं घरात लावली. याडी चुलीपासून उठून आली आणि तिनं हातानं बटण दाबून टेप बंद केला. ती म्हणाली, "ढावलो बिनकारणाचा घरात वाजवू नये. ज्या घरात वाजतो तिथं रडणं येतं." मी तिला चुंबकीय फितीवर आवाज कसा उमटतो ते समजावू लागलो. तिनं ते ऐकलं नाही. कॅसेट मात्र फेकूही दिली नाही. पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी ठेवली.

बाईचं सासर शिरड शहापूरच्या पुढच्या तांड्यात होतं. तिला एक मुलगी झाली. मुलगी चार वर्षांची असताना एका दुपारी बाई तिला कडेवर घेऊन एकटीच आमच्याकडे आली. हातात पिशवी नव्हती आणि पायात चप्पल नव्हती. याडीनं तिला पाणी दिलं आणि विचारलं, "बोलावणं नसताना काहून आली?" बाईनं काही सांगितलं, काही सांगितलं नाही. मी दुकानात जायच्या घाईत होतो, मी अर्धवटच ऐकलं. याडीनं तिला दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर परत पाठवलं. निघताना याडी तिला म्हणाली, "असं बिनबोलावता येत जाऊ नको. नांदायचं घर त्येच हाय." मी बाईला तिच्या दारात सोडून आलो. चहासुद्धा घेतला तिथे.

पंधरवड्यानं निरोप आला की बाई विहिरीत पडली. पाणी शेंदताना पाय घसरला असं सासरच्यांनी सांगितलं, आणि कागदावर तसंच लागलं. तांड्यात लोक दुसरंही बोलले. खरं काय ते मला आजही माहीत नाही. एवढंच माहीत आहे की विहीर वापरातली होती आणि बाईला लहानपणापासून पाणी शेंदायची सवय होती. त्या दिवसांत माझ्या डोक्यात ती एकच माहिती फिरत राहायची, की पाण्यात आवाज फार वेगानं जातो. तिनं हाक मारली असेल तर ती पाण्यात वेगानं गेली असेल आणि वर कुणालाच ऐकू आली नसेल. ते पान मी वहीतून फाडून टाकलं. वही मात्र टाकली नाही.

भाचीला याडी घेऊन आली आणि तिनंच तिला वाढवलं. भाची तिला नानी म्हणायची. बाईबद्दल याडी फारसं बोलत नसे. पण एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली होती आणि ती मला माहीत होती, कारण वर्षातून एखाद्या वेळी, भाची जवळ नसताना, याडी ती बोलून दाखवायची. "माह्यावर राग धरून गेली ती. मीच तिला वापस धाडली." मी म्हणायचो, मेलेल्या माणसाला राग नसतो. ती म्हणायची, "तुला काय म्हाईत?" सगळ्या जगाला माहिती सांगणाऱ्या मला एवढंच विचारायची ती एकटीच होती.

मधल्या काळात कॅसेटचे दिवस गेले. आधी लोक सीडी मागू लागले, मग मोबाईलच्या कार्डात गाणी भरून. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी एक जुना कॉम्प्युटर घेतला. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडी फुकट यायची, तिच्यात उपयोगी सॉफ्टवेअर असायची. विसरलेली फाईल शोधून देणारं एक, फोटोतले लाल डोळे काळे करणारं एक, आणि आवाजाची चिरफाड करणारं एक. या शेवटच्यानं मला वेड लावलं. आवाज पडद्यावर दिसायचा, हिरव्या नांगरटीसारखा. कुठेही कापा, कुठेही जोडा. त्यात एक सोय होती खरखर काढायची. फक्त खरखर असलेला एक तुकडा निवडून सॉफ्टवेअरला दाखवायचा, म्हणजे गोंगाट कोणता ते त्याला कळायचं, आणि मग पूर्ण गाण्यातून ते तेवढंच उपसून काढायचं. मी जुन्या भजनी मंडळाच्या कॅसेटी धुऊन दिल्या, मयत माणसांची भाषणं धुऊन दिली. लोक खूश व्हायचे आणि मी त्यांना खरखर म्हणजे काय ते समजावून सांगायचो.

भाची अठराची झाली आणि तिचं लग्न डोंगरकड्याकडच्या एका तांड्यात ठरलं. तिला ढावलो शिकवायला बाया येऊन बसू लागल्या तेव्हा एक अडचण निघाली. भाचीला आईच्या नावानं हाक घालायची होती आणि गळ्यात पडायला आई नव्हती. बाया म्हणाल्या, आजीच्या गळ्यात पडून म्हणू दे. तिसऱ्या दिवशी याडीनं पत्र्याच्या पेटीतून ती कॅसेट काढून माझ्यापुढे ठेवली.

"तिची माय तिला वाटं लावंल," ती म्हणाली. "निघायच्या वक्ताला वाजव. आता कारण हाय." आणि मग म्हणाली, "मला बी ऐकायचा हाय तिचा आवाज. ऐकला की मला कळंल, राग गेला का न्हाई."

मी वीसेक वर्षं आवाजाचं काम करत होतो. इतकं मोठं काम मला कुणी दिलं नव्हतं. दुकानातला माझा टेप डेक जुना झाला होता, त्याचं हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा तुकडा, घासून गुळगुळीत झालं होतं. बाईची कॅसेट त्या हेडवर चालवायला माझं मन घेईना. मी परभणीहून नवं हेड आणलं आणि स्वतः बसवलं. हेडच्या मागे चार बारीक काड्या असतात, दोन डाव्या बाजूच्या आवाजाच्या, दोन उजव्या. डोळे बारीक करून मी त्यांना वायरी डागल्या. चष्म्याचा नंबर वाढला होता आणि मी तो बदलत नव्हतो. मग कॅसेटची फीत पेन्सिलीनं सैल केली, डेकमध्ये घातली आणि बाईचा आवाज कॉम्प्युटरवर चढवला.

याडीची अट एकच होती. निघायच्या वेळेआधी तो कुठेही मोकळा वाजता कामा नये. मी या असल्या गोष्टी मानत नव्हतो, पण ती अट मी मोडली नाही. सगळं काम हेडफोन लावून केलं. हेडफोनमध्ये बाईचा आवाज ऐकून मी चकित झालो. एका स्पीकरच्या टेपवर भरलेला तो आवाज डोक्याच्या दोन्ही बाजूंनी, पार कानांच्या मागून येत होता. मध्ये कुठेच नव्हता, सगळीकडे होता. मला वाटलं नव्या हेडची करामत. मी स्वतःवर खूश झालो, थोडा रडलो आणि सीडी तयार करून ठेवली.

लग्न वैशाखात झालं. सकाळपासून माझी सीडी आणि माझे भोंगे वाजत होते, एका गाण्यातही खोट नव्हती. भोंग्याचा ॲम्प्लिफायर एकाच आवाजाचा असतो, डावं-उजवं त्यात नसतं. सीडी प्लेअरच्या लाल आणि पांढऱ्या, दोन्ही वायरी एकत्र करून त्याच्यात खुपसायच्या, ही सगळ्या मंडपवाल्यांची पद्धत. मीही वर्षानुवर्षं तसंच करत आलो होतो.

दिवस मावळायच्या आत वऱ्हाड निघायचं होतं. भाची ढावलो म्हणत एकेकाच्या गळ्यात पडली. माझ्या गळ्यात पडली, बायांच्या पडली, आणि शेवटी आईची हाक आली तेव्हा ती मोकळी उभी राहिली. याडी तिच्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. मी सीडी बदलून बटण दाबलं.

भोंग्यातून खरखर आली. नुसती खरखर, आणि तिच्या मागे पाल चुकचुकावी तसं मधूनच काहीतरी बारीक. मी आवाज वाढवला, खरखर वाढली. वायरी हलवल्या, सीडी काढून पुसून पुन्हा घातली, तेच. सकाळचं गाणं लावून बघितलं, ते खणखणीत वाजलं. पुन्हा बाईची सीडी लावली. पुन्हा खरखर. सगळा तांडा भोंग्याकडे तोंड करून उभा होता. मुलाकडचे लोक सूर्याकडे बघू लागले.

याडी हळूच म्हणाली, "बंद कर."

भाची तिच्या गळ्यात पडली, पण ढावलो तुटला होता. ती नुसती रडली, चालीशिवाय. गाडी गेल्यावर याडी मंडपात खाली बसली आणि मला म्हणाली, "न्हाई बोलली ती. लेकरासाठी बी न्हाई बोलली. अजून राग हाय तिचा."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी तीच सीडी हेडफोन लावून ऐकली. आवाज होता. दोन्ही कानांत, जसाच्या तसा. मी घरी येऊन याडीला सांगितलं की सीडीत बाई बोलते आहे, मशीनमध्ये काहीतरी गडबड झाली.

"मशीन बाकी दिसभर बराबर चालली," ती म्हणाली. "तिच्याच वक्ताला काहून बिघडली?"

मी म्हणालो, हेडफोन आणतो, तू कानाला लाव. ती म्हणाली, "आता नको. वक्त गेला. घरात नको आणू त्ये." मग ती उठून शेळ्यांना पाला टाकायला गेली. मला उत्तर हवं होतं. आवाज असून भोंग्यातून आला कसा नाही, याचं शास्त्रीय कारण सापडल्याशिवाय तिच्यापुढे जायचं नाही, असं मी ठरवलं.

ते आठ दिवसांनी सापडलं. आवाजाची हिरवी पट्टी मी पडद्यावर मोठी करत करत नेली, इतकी की एकेक लाट वेगळी दिसावी. वरच्या, डाव्या आवाजाच्या पट्टीत जिथे डोंगर होता तिथे खालच्या, उजव्या पट्टीत दरी होती. प्रत्येक ठिकाणी. डावी बाई आणि उजवी बाई अगदी सारखी आणि बरोबर उलटी. मी डेक उघडला. नव्या हेडच्या चार काड्यांपैकी एकाच बाजूच्या दोन काड्यांवरच्या वायरींची अदलाबदल झाली होती. हेडफोनमध्ये दोन बाया दोन कानांत वेगवेगळ्या राहिल्या, म्हणून मला त्या ऐकू आल्या. भोंग्याच्या वायरीत मी त्यांना एकत्र केलं आणि त्यांनी एकमेकींना गिळून टाकलं.

म्हणजे तो माझा खेळ होता. अर्ध्या बाजाराला दाखवलेला.

सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी उलटी करायची सोय होती. एकदा दाबलं आणि बाई सरळ मध्ये आली, समोर उभी राहून गावं तशी. मी तेव्हाच सायकलीला टांग मारायला हवी होती. याडी, तिनं राग धरला नव्हता, माझ्याकडून वायर उलटी लागली होती, एवढंच सांगायचं होतं. तिला वायर कळली नसती, पण माझी चूक झाली हे कळलं असतं आणि तेवढ्यानं काम झालं असतं. मी गेलो नाही. मला लाज वाटली, हे खरं कारण. सायंटिस्ट म्हणून घेणाऱ्यानं आपल्याच खेळात बाईला गप्प केलं, हे माझ्या तोंडून निघेना. मग मी मनाशी एक चांगलं कारण काढलं. आवाजात फार खरखर आहे, बायांची कुजबुज आहे, कुत्रं आहे. ते सगळं साफ करतो, असा लख्ख आवाज करतो की ऐकताक्षणी तिची शंका फिटावी, आणि मग तिला दुकानात आणून ऐकवतो.

बाई गायला लागायच्या आधीचे काही सेकंद मी गोंगाटाचा नमुना म्हणून निवडले. त्यात बाजेची करकर होती आणि माईकच्या अगदी जवळ कुणाचीतरी पुटपुट होती. ते सॉफ्टवेअरला दाखवलं. अर्धा-पाऊण तास मशीन घरघरत राहायचं, आणि मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि जेव्हा काम पुरं व्हायचं तेव्हा पुटपुट गेलेली असायची, पण बाईचा आवाजही बदललेला असायचा. डचमळणारा, गुळगुळा, पाण्याखालून बोलल्यासारखा. पहिल्यांदा तसा ऐकला तेव्हा मी हेडफोन कानांवरून ओढून काढला. हा आवाज मी याडीला ऐकवू शकत नव्हतो. म्हणून पुन्हा सुरुवात केली. जरा कमी साफ केलं, पुन्हा पाणी. आणखी कमी केलं, पुटपुट तशीच. जेठ गेला, आषाढ गेला. मी घरी जायचो तेव्हा याडी ओट्यावर बसलेली असायची. ती माझ्याशी बोलायची, भाचीचा फोन आला होता म्हणायची, शेळी व्याली म्हणायची. जेवण मात्र तिचं कमी होत गेलं. ताटात अर्धी भाकरी ठेवून उठायची. दर वेळी मला वाटायचं, आणखी एकदा करून बघू, या आठवड्यात होईल.

पोळ्याच्या चार दिवस आधी, भर दुपारी, शेजाऱ्यांचा फोन आला. याडी ओट्यावर बसल्या बसल्या कलंडली होती. मी पोचेपर्यंत संपलं होतं. दुकानातून निघताना कॉम्प्युटर बंद करायचं सुचलं नाही. मी पोचलो तेव्हासुद्धा तो तिकडे आवाज साफ करत असेल.

भाची दिवसांना आली. तेराव्यानंतर घर रिकामं झालं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, हेड, चार काड्या, डोंगर आणि दरी. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हंजी माय बोलून राहिली व्हती," ती म्हणाली.

"व्हय."

"दोन्हीकडून."

"व्हय."

"तुमाला कवा कळलं?"

"लग्नाच्या आठ दिवसांनी."

तिनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "नानीला न्हाई सांगितलं." हे तिनं विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "वाजवा. आता घरात वाजवायला कारण हाय."

मी दुकानातून बॉक्स आणि प्लेअर घेऊन आलो. साफ केलेला एकही आवाज मी आणला नाही. न धुतलेला, फक्त वायरीची चूक काढलेला आणला. याडीची बाज होती तिथेच बॉक्स ठेवला आणि लावला. आधी बाजेची करकर आली, मग ती पुटपुट. मी पुढे न्यायला हात घातला, कारण बाई त्यानंतर सुरू होत होती. भाचीनं माझा हात धरला.

"थांबा. ही नानी हाय."

मी म्हणालो, बाया कुजबुजत आहेत. तिनं पुन्हा लावायला लावलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच तो आवाज मोकळ्या हवेत, बाजेशेजारी वाजत होता, आणि शब्द सुटे झाले. बाईला जवळ घेऊन याडी तिच्या कानात बोलत होती, आणि बाजेखालचा माझा टेप ते ऐकत होता. "सणाला ये, बिनसणाची ये. तकलीफ झाली त बोलावणं बघू नको. मी हाय." त्यानंतर बाईनं याडीच्या नावानं हाक घातली आणि ढावलो सुरू झाला.

भाचीनं तो शेवटपर्यंत ऐकला. मीही ऐकला. संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं की हे चार महिने मी साफ काय करत होतो. मी सांगितलं. मशीनला गोंगाट कोणता ते आधी दाखवावं लागतं, तेव्हा मी हेच सुरुवातीचं दाखवलं होतं. ते काढायला गेलं की बाईचाही आवाज जायचा, आणि असं का होतं ते मला कळत नव्हतं.

"नानीचा आवाज तुमाला वळखू आला न्हाई?" भाचीनं विचारलं. "रोज ऐकून?"

मी म्हणालो, न्हाई.